नियमपुस्तिकेतून निघालेले इंजिन

जुन्या स्पोर्ट्‌स सेडानच्या चाहत्यांमध्ये एक समज पक्का रुजला आहे. चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे शर्यतीच्या जातीचे, हलके आणि चपळ. सहा सिलिंडरचे म्हणजे मऊ, भारदस्त, लांबच्या प्रवासाला बरे. या समजाला पुरावा म्हणून जे नाव पुढे येते ते बहुतेक वेळा एकच असते: १९८६ मध्ये रस्त्यावर आलेली बीएमडब्ल्यूची पहिली एम थ्री. सरळ ओळीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी जगभर नाव असलेल्या कंपनीने आपल्या सगळ्यांत तिखट गाडीत चारच सिलिंडर बसवले, म्हणजे खेळाडू गाडीला चारच योग्य, असा हा युक्तिवाद. मला तो पटत नाही. एम थ्री थोर गाडी होती, यात वादच नाही. पण तिच्या बॉनेटखाली चार सिलिंडर आले ते शर्यतीच्या नियमांमुळे, कारखान्यात आधीच तयार असलेल्या सामग्रीमुळे आणि हाताशी वेळ थोडा होता म्हणून. रस्त्यावरच्या वेगवान सेडानला चार बरे की सहा, हा प्रश्न त्या निर्णयात विचारलाच गेला नव्हता. तो आज विचारायचा आणि त्या काळातले आकडे शेजारी शेजारी मांडायचे, तर पारडे सहाच्या बाजूला झुकते.

आधी घराणे पाहू. १९६१ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने १५०० हे मॉडेल दाखवले आणि डबघाईला आलेली ही कंपनी सावरली. त्या गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन आलेक्स फॉन फाल्कनहाउझेन यांनी आखले होते. त्याला पुढे एम १० म्हणू लागले. सुरुवातीला ते १४९९ सीसीचे आणि ८० हॉर्सपॉवरचे होते, पण फाल्कनहाउझेन यांनी त्याचा ओतीव लोखंडी ब्लॉक पुढे दोन लिटरपर्यंत वाढवता येईल इतका ऐसपैस ठेवला. ही दूरदृष्टी कामी आली. १९६८ ची २००२, तिची १३० हॉर्सपॉवरची टीआयआय आवृत्ती, १९७३ ची १७० हॉर्सपॉवरची टर्बो, सगळ्यांच्या पोटात हाच ब्लॉक होता. सुमारे ३५ लाख इंजिने या घराण्यात जन्मली. याच ब्लॉकवर उभारलेल्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाने १९८३ साली नेल्सन पिकेला ब्रॅबम गाडीतून फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवून दिले. बीएमडब्ल्यूच्या शर्यत विभागाचा चार सिलिंडरवर जीव होता तो असा, अनुभवातून आलेला. रस्त्यावर मात्र वारे वेगळ्या दिशेने वाहत होते. १९७५ साली आलेल्या पहिल्या थ्री सिरीजमध्ये फक्त चार सिलिंडर होते, पण दोनच वर्षांत त्याच बॉनेटखाली एक नवे, लहान, सहा सिलिंडरचे इंजिन बसले. १४३ हॉर्सपॉवरची ३२३आय त्यातूनच निघाली. १९८५ पर्यंत तेच इंजिन २४९४ सीसीपर्यंत वाढून पुढच्या पिढीच्या ३२५आयमध्ये १७१ हॉर्सपॉवर देऊ लागले. लहान गाडीत सहा सिलिंडर हा बीएमडब्ल्यूचा बाजारातला हुकमी पत्ता झाला होता. एम थ्रीने त्याकडे पाठ का फिरवली, हे समजायला म्युनिकच्या कारखान्यापेक्षा शर्यतीच्या नियमपुस्तिकेत डोकवावे लागते.

१९८२ पासून टूरिंग कारच्या शर्यती ‘ग्रुप ए’ नावाच्या नियमांखाली होऊ लागल्या. जी गाडी धावायची ती सलग बारा महिन्यांत किमान ५००० नगांइतकी बनलेली हवी, हा त्यातला मुख्य दंडक. इंजिनाचा ब्लॉक, हेड, गाडीचा सांगाडा हे सगळे त्या ५००० गाड्यांमध्ये असलेलेच वापरायचे. शिवाय गाड्यांचे गट सीसीवरून पडत: १६०० पर्यंत, १६०० ते २५००, आणि २५०० च्या पुढे. इंजिन जितके मोठे तितके गाडीचे किमान वजनही जास्त ठरवलेले. बीएमडब्ल्यू वरच्या गटात सहा सिलिंडरची मोठी ६३५ सीएसआय कूपे पळवत होती आणि जिंकतही होती. १९८३ आणि १९८६ चे युरोपियन विजेतेपद तिचेच, १९८४ साली जर्मनीत सुरू झालेल्या, पुढे डीटीएम म्हणून गाजलेल्या मालिकेचा पहिला विजेता फोल्कर श्ट्रिट्सेकही तिच्यातलाच. पण ती गाडी जड होती आणि वयाने थकत चालली होती. तिकडे १९८३ मध्ये मर्सिडीजने इंग्लंडच्या कॉसवर्थकडून सोळा व्हॉल्व्हचे हेड करून घेऊन १९०ई २.३-१६ ही लहान सेडान आणली. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १८५ हॉर्सपॉवरचे. इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर या गाड्यांनी ताशी सरासरी सुमारे २४८ किलोमीटर वेगाने ५०,००० किलोमीटर तोडले. २५०० च्या आतल्या गटात हलकी गाडी हवी, चार व्हॉल्व्हचे हेड हवे आणि ते ५००० गाड्यांत बसवायला हवे, हे गणित बीएमडब्ल्यूपुढे आयते मांडले गेले.

ते सोडवले शर्यत विभागाचे इंजिनतज्ज्ञ पॉल रोशे यांनी. कंपनीचे प्रमुख एबरहार्ड फॉन क्यूनहाइम यांनी थ्री सिरीजसाठी एक जोरदार इंजिन करायला सांगितले, आणि रोशे यांनी पुढे स्वतः जे सांगितले त्यानुसार पहिला नमुना दोन आठवड्यांत तयार झाला. इतक्या झटपट होण्याचे कारण हातभर अंतरावर होते. एम १ आणि एम ५ या गाड्यांत वापरलेले एम ८८ हे २४ व्हॉल्व्हचे सहा सिलिंडरचे इंजिन विभागाकडे होतेच, आणि त्याच्या दोन सिलिंडरमधले अंतर जुन्या एम १० इतकेच होते. रोशे यांच्या माणसांनी एम ८८ चे हेड घेतले, त्यातली दोन सिलिंडरची बाजू करवतीने कापून टाकली, कापलेल्या तोंडावर पत्रा बसवून भोके बंद केली आणि उरलेले चार सिलिंडरचे हेड एम १० च्या ब्लॉकवर चढवले. यातून जे पक्के इंजिन घडले त्याचे नाव एस १४. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९३.४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८४ मिलिमीटर. एम ८८ चेही हेच दोन आकडे. दोन्ही इंजिनांत प्रत्येक सिलिंडर साडेपाचशेहून थोडा मोठा, ५७५ सीसीचा. चारांचे झाले २३०२ सीसी, सहांचे ३४५३.

इंजिनांच्या इतिहासात इतकी स्वच्छ तुलना क्वचित हाती लागते. सिलिंडर तोच, हेडची आखणी तीच, कंपनी तीच, काळ तोच; फरक फक्त संख्येचा. मग बेरीज करून पाहावी. १९८५ च्या एम ५ मध्ये सहा सिलिंडर २८६ हॉर्सपॉवर देत होते, मिनिटाला ६५०० फेऱ्यांना. म्हणजे दर सिलिंडरमागे पावणेअठ्ठेचाळीस. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या एम थ्रीत चार सिलिंडर २०० देत होते, ६७५० फेऱ्यांना. दर सिलिंडरमागे ५०. टॉर्क एका बाजूला ३४० न्यूटन-मीटर, दुसऱ्या बाजूला २४०; दर सिलिंडरमागे ५७ आणि ६०. चारच्या पदरात किंचित जास्त पडते हे खरे, पण तो फरक जुळणीतला आणि ट्यूनिंगमधला आहे. त्याला जातीचा फरक म्हणता येणार नाही. एस १४ मध्ये जी धग होती ती चार सिलिंडर असण्यातून आली नव्हती. ती चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र थ्रॉटल यांतून आली होती, आणि हे सगळे त्याने सहा सिलिंडरच्या भावाकडूनच घेतले होते. चारची शर्यतबाज प्रकृती म्हणून ज्याचे कौतुक होते ते मुळात सहाच्या इंजिनाचे दोनतृतीयांश आहे.

संख्येमुळे खरोखर काय बदलते, ते पिस्टनच्या हालचालीत दिसते. एस १४ चा क्रँक घ्या. त्याची त्रिज्या ४२ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड १४४ मिलिमीटरचा. पिस्टन अगदी वर असताना क्रँक पाव फेरा फिरवला, तर पिस्टन निम्मा म्हणजे ४२ मिलिमीटर खाली यावा असे वाटते. तो येतो ४८. रॉड तिरका होतो म्हणून हे घडते. फेऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात पिस्टनला जास्त अंतर कापावे लागते, खालच्या अर्ध्यात कमी. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात आणि ढोबळ धक्के एकमेकांना मारतात, पण या सहा मिलिमीटरच्या तफावतीतून जन्मणारे धक्के एकमेकांत मिसळून वाढतात. क्रँकच्या दर फेऱ्याला ते दोनदा येतात. ६७५० फेऱ्यांना याचा हिशेब होतो सेकंदाला २२५ धक्के. इंजिन मोठे करावे, पिस्टन जड करावा, फेरे वाढवावेत, की हे धक्के वाढत जातात. फेऱ्यांच्या तर वर्गाच्या प्रमाणात. सरळ ओळीतल्या सहा सिलिंडरमध्ये क्रँकची टोके १२० अंशांवर असतात आणि ढोबळ धक्के व हे दुसऱ्या दर्जाचे धक्के, दोन्ही आपोआप शून्य होतात. कोणताही जादा शाफ्ट लागत नाही. शिवाय चारमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, सहामध्ये दर तृतीयांश फेऱ्याला. एका सिलिंडरचा जोर ओसरण्याआधी पुढच्याचा सुरू होतो, म्हणून खालच्या फेऱ्यांवर गाडी अडखळत नाही. ज्या गुणाला पुष्कळदा नुसता ‘मऊपणा’ म्हणून बाजूला सारले जाते, तो या भूमितीतून येतो. जे इंजिन स्वतःलाच हादरे देत नाही ते चालकाला शेवटच्या फेऱ्यापर्यंत नेण्याचा धीर देते. माझ्या मते तो खेळाचाच गुण आहे.

इथे सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो खुद्द बीएमडब्ल्यूच्या इंजिनिअरांचा आहे. सहाचा क्रँकशाफ्ट लांब. लांब शाफ्ट फेरे वाढले की पिळवटतो, कंप पावतो. चारचा आखूड शाफ्ट हे फार उशिरापर्यंत सोसतो. शर्यतीत मिनिटाला १०,००० फेऱ्यांचा ताण झेलायचा तर चारच बरे, असे कारण कंपनीने एम थ्रीबाबत दिले होते. हे यंत्रशास्त्राला धरून आहे आणि मी ते नाकारत नाही. मात्र त्याची व्याप्ती किती, ते पाहायला हवे. एम ८८ चेच शर्यतीचे रूप १९७९ आणि १९८० च्या प्रोकार मालिकेत एम १ गाड्यांमध्ये धावत होते. ९००० फेऱ्यांना ४७० हॉर्सपॉवर देणाऱ्या त्या सहा सिलिंडरच्या गाड्यांत निकी लाउडा आणि नेल्सन पिके यांनी एकेक विजेतेपद मिळवले. म्हणजे लांब शाफ्टची भिंत होती ती ९००० च्या पलीकडे. शर्यतीत तेवढ्या अंतरालाही मोल असते, हे मान्य. पण रस्त्यावरची एम थ्री ६७५० ला आपला पूर्ण जोर देऊन मोकळी होत होती. ज्या प्रांतात चारचा हा फायदा सुरू होतो तिथे तिचा मालक कधी पोचतच नव्हता. शर्यतीतला युक्तिवाद रस्त्यावर उतरवला की तो असा लंगडा पडतो.

दुसरा आक्षेप वजनाचा. दोन सिलिंडर कमी म्हणजे नाक हलके, नाक हलके म्हणजे वळणात गाडी झटकन आत शिरणार. तत्त्व बरोबर आहे, आणि सुमारे १२०० किलोची एम थ्री वळणात अद्‌भुत होती हेही बरोबर. पण त्या चपळाईचे श्रेय इंजिनाला देताना बाकीचे बदल विसरले जातात. तिच्या पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन इतर थ्री सिरीजच्या कैक पट वाढवलेला होता, चाकांच्या बेअरिंगा मोठ्या फाइव्ह सिरीजच्या होत्या, स्टिअरिंग जास्त थेट होते, चाकांवरच्या कमानी फुगवून रुंद टायर बसवले होते, मागची काच अधिक तिरकी आणि डिकीचे झाकण अधिक उंच केले होते, कशासाठी, तर हवेचा झोत पंखापर्यंत नीट पोचावा म्हणून. शेजारच्या ३२५आयमध्ये यातले काहीच नव्हते. दोन गाड्यांत दहा गोष्टी वेगळ्या असताना त्यांतली एकच उचलून तिला कारण ठरवणे योग्य नाही. इंजिनाच्या बाबतीतही तीच गल्लत होते. ३२५आय आणि एम थ्री यांची तुलना चार विरुद्ध सहा अशी मांडली जाते, पण खरी लढत बारा व्हॉल्व्ह आणि एक कॅमशाफ्ट विरुद्ध सोळा व्हॉल्व्ह आणि दोन कॅमशाफ्ट अशी होती. सहाला तेच हेड दिले तर काय होते, याचा निकाल १९९० मध्ये लागला. नव्या ३२५आयचे २४९४ सीसीचे, आता २४ व्हॉल्व्हचे इंजिन १९२ हॉर्सपॉवर आणि २४५ न्यूटन-मीटर देऊ लागले. कन्व्हर्टर लावलेली पहिली एम थ्री १९५ देत होती. शर्यतीसाठी खास घडवलेल्या इंजिनाचा आकडा चारच वर्षांत लाखांनी खपणाऱ्या, साध्या घरगुती सेडानच्या सहा सिलिंडरने जवळजवळ गाठला, तोही ६००० च्या आतल्या फेऱ्यांवर.

या सगळ्यात सीसी हा कळीचा मुद्दा आहे. सिलिंडर किती, हे आधी कोणी ठरवत नाही; आधी ठरते ती क्षमता, आणि ती ठरवतात नियम आणि कर. इटलीत दोन लिटरच्या वरच्या गाड्यांवर जबर कर होता, म्हणून बीएमडब्ल्यूने त्या देशासाठी आणि पोर्तुगालसाठी एस १४ ची १९९० सीसीची आवृत्ती काढून ३२०आयएस नावाने साध्या अंगाच्या थ्री सिरीजमध्ये घातली; १९२ हॉर्सपॉवरची. दोन लिटरच्या आत चार सिलिंडर शोभतात, कारण सिलिंडर लहान राहतो आणि हादरे आटोक्यात. याच्या उलट दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. तिथे एम थ्री विकलीच गेली नाही. तिथल्या बीएमडब्ल्यूने आल्पिना या ट्यूनिंग कंपनीच्या मदतीने १९८५ मध्ये थ्री सिरीजमध्ये मोठ्या गाडीचे ३.२ लिटरचे सहा सिलिंडर कोंबून ३३३आय केली, आणि पुढे तिथल्या शर्यतींसाठी २.७ लिटरची ३२५आयएस काढली, तीही सहाचीच. वस्त्यांमध्ये ‘गुशेशे’ या नावाने ती आजही पूजली जाते. नियम वेगळे असले की त्याच गाडीतून वेगळे इंजिन निघते, याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे? आणि क्षमता तीन लिटरपर्यंत न्यायची झाली की चारची गाडी कुठे अडते, ते पोर्शेने दाखवले. १९८९ ची ९४४ एस २ चार सिलिंडरची, २९९० सीसीची. प्रत्येक सिलिंडर पाऊण लिटरचा. हादरे मारायला मित्सुबिशीच्या तंत्राचे दोन बॅलन्स शाफ्ट आत फिरत होते. चार व्हॉल्व्ह असूनही तिचा जोर २११ हॉर्सपॉवरवर थांबला, ५८०० फेऱ्यांना. तीन वर्षांनी नेमक्या तेवढ्याच २९९० सीसीतून सहा सिलिंडरने ७००० फेऱ्यांना २८६ काढले. मधल्या काळात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आली होती, तिचा वाटा त्यात आहे; पण पाऊण लिटरचा पिस्टन ७००० फेऱ्यांना नाचवणे कोणत्याही यंत्रणेला सोपे गेले नसते.

ते २९९० सीसीचे सहा सिलिंडर ज्या गाडीत होते ती म्हणजे १९९२ ची दुसरी एम थ्री. पहिलीने आपले काम चोख केले होते. १९८७ मध्ये रॉबर्टो राव्हाल्याने तिच्यात जागतिक टूरिंग कार विजेतेपद जिंकले, त्याच वर्षी एरिक फान द पूलने डीटीएम, १९८९ मध्ये पुन्हा राव्हाल्याने डीटीएम. १९९० च्या स्पोर्ट एव्होल्यूशनमध्ये इंजिन २४६७ सीसीपर्यंत ताणले गेले, २५०० च्या रेषेला जवळजवळ टेकवून, आणि २३८ हॉर्सपॉवरला पोचले. अशा ६०० गाड्या बनल्या. मग नियम बदलले. डीटीएमने १९९३ पासून अडीच लिटर आणि कमाल सहा सिलिंडरची मुभा दिली, आणि पहिल्याच वर्षी अल्फा रोमिओ सहा सिलिंडरची १५५ घेऊन आली. तिच्यात निकोला लारिनीने विजेतेपद नेले. बीएमडब्ल्यू तोवर डीटीएममधून बाहेर पडली होती. ती वळली दोन लिटरची मर्यादा असलेल्या शर्यतींकडे, आणि १९९३ ची ब्रिटिश मालिका योआखिम विंकेलहॉकने तिच्यासाठी जिंकली ती ३१८आयमध्ये, चार सिलिंडरवर. एकाच वर्षी, एकाच कंपनीची, एकाच सांगाड्याची गाडी ट्रॅकवर चार सिलिंडरची आणि शोरूममध्ये सहाची होती. ट्रॅकवर नियमांनी हात बांधले होते. शोरूममध्ये इंजिनिअरांना मोकळीक होती, आणि त्यांनी सहा निवडले.

दुसऱ्या एम थ्रीवर तेव्हा टीका झाली. ती सुमारे २५० किलोंनी जड होती, फुगवलेल्या कमानी गेल्या होत्या, आणि शर्यतीचा वारसा हरवला अशी तक्रार होती. तक्रारीत तथ्य होते, पण ते वजनाबद्दल आणि उद्देशाबद्दल होते. नव्या सांगाड्याचे, जास्त सुरक्षिततेचे आणि मोठ्या आकाराचे ओझे इंजिनाच्या दोन जादा सिलिंडरांच्या माथी मारणे रास्त नाही. आज जुनी स्पोर्ट्‌स सेडान घेऊ पाहणाऱ्याने शर्यतीच्या इतिहासाचा तुकडा घरात आणायचा असेल तर पहिलीच शोधावी. तिला पर्याय नाही. गाडी चालवण्यासाठी घ्यायची असेल, तर २४ व्हॉल्व्हची सहा सिलिंडर गाडी घ्यावी, आणि चारची नाही म्हणून मनात कमीपणा ठेवू नये. पुढच्या दोन पिढ्यांत एम थ्रीला सहा सिलिंडर मिळाले, २००७ मध्ये आठ, २०१४ मध्ये टर्बोसह पुन्हा सहा. पहिल्या पिढीनंतर चार सिलिंडरची एम थ्री बीएमडब्ल्यूने पुन्हा बाजारात आणलेली नाही.